पितळी पाटीचा रेडिओ

थॉर्ली निवास, ग्रिम्सबी
बुधवार, १० फेब्रुवारी १९५४

चि. ॲम्ब्रोज यास मिलिसेंटचे अ. आ.

यापुढे वि. वि. लिहायची रीत आहे. पण आज विनंती काही नाही, नुसतं विशेष आहे.

हे पत्र लिहायला मला तूच भाग पाडलंस. सकाळच्या टपालाने विश्वस्त मंडळाचा हुकूम आला. अध्यक्षांनी निवासाला भेट दिलेला, पितळी पाटीचा रेडिओ पुढच्या गुरुवारी मंडळाच्या माणसाकडे परत द्यावा, कारण इथल्या बायका त्याचा गैरवापर करून गावात घबराट पसरवतात. खाली अध्यक्ष ऑगस्टस थॉर्ली यांची सही, आणि तिच्याखाली तुझी. 'गारफर्थ'च्या शेवटी तू काढतोस त्या शेपटीवरून ओळखली. ती शेपटी काढू नकोस म्हणून लहानपणी माझ्या हातची पट्टी खाल्ली आहेस. उपयोग झालेला दिसत नाही.

तू लिंकनला तुझ्या वकिलीच्या कचेरीत बसून सही केलीस. इथे काय चाललं आहे ते तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. थॉर्लींच्या कंपनीचं 'मार्शलँड' हे मासेमारीचं जहाज आइसलँडच्या पाण्यात गेलं आहे. रविवार संध्याकाळपासून त्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही. त्या जहाजावर आमच्या थर्झा मोअरचा धाकटा मुलगा अर्नी आहे. तिचा नवरा आणि थोरला मुलगा या दोघांना समुद्राने आधीच नेलं, म्हणून तर ती या विधवांच्या निवासात आहे. कंपनी म्हणते, सगळं ठीक आहे. आमचा रेडिओ म्हणतो, ठीक नाही.

रेडिओला हे कसं कळतं असं तू विचारशील. या गावात विकल्या जाणाऱ्या रेडिओंच्या तबकडीवर एक जास्तीचा पट्टा असतो. तिथे काटा नेला की जहाजांचे कप्तान आपसांत बोलतात ते ऐकू येतं. लिंकनच्या बायका रेडिओ घेताना लाकूड कुठलं ते पाहत असतील. इथल्या बायका आधी तो पट्टा आहे का ते विचारतात. थर्झाने दोन संध्याकाळी ऐकलं, की बाकीचे कप्तान 'मार्शलँड'ला हाका मारताहेत आणि उत्तर येत नाही. तिने ते धक्क्यावर सांगितलं. धक्क्यावरून खलाशांच्या बायका कंपनीच्या दारात गेल्या. तुझ्या हुकुमातली घबराट ती हीच.

या निवासाची व्यवस्थापिका म्हणून सांगते, रेडिओ मी देणार नाही. तो बंदही करणार नाही. इथे जहाज निघतं त्या दिवशी घरात कपडे धूत नाहीत, निरोपाला हात हलवत नाहीत. आणि आपलं जहाज बोलेनासं झालं, की ते पुन्हा बोलेपर्यंत घरातला रेडिओ थंड पडू देत नाहीत. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले आणि जन्मभर मुलींना तेच शिकवलं. रेडिओतल्या काचेच्या दिव्यांच्या उबेचा आणि आइसलँडच्या बर्फाचा काही संबंध नाही हे मला पुरतं ठाऊक आहे. तरीही त्या बटणाला मी हात लावणार नाही, आणि तुमच्या माणसालाही लावू देणार नाही.

चहात साखर कमी घाल. लोभ आहेच. तो वाढवायचा की कसं, ते तुझं उत्तर आल्यावर बघेन.

तुझी मोठी बहीण,
मिलिसेंट


लिंकन
गुरुवार, ११ फेब्रुवारी

ती. मिलीस ॲम्ब्रोजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र न्याहारीच्या वेळी आलं आणि माझ्या पुढ्यातला किपर मासा गार झाला. पत्नीने विचारलं, कुणाचं पत्र. मी म्हटलं, मिलीचं. तिने माझ्या चहाशेजारची साखर उचलून नेली. तुम्ही दोघी आपसांत पत्रव्यवहार करता असा मला बरेच दिवस संशय आहे.

मिली, रागावू नकोस. मी वकील आहे आणि मला वकिलासारखंच बोलता येतं. रेडिओचा परवाना कार्यक्रम ऐकण्यासाठी असतो. जहाजांची आपसांतली बोलणी ऐकणं कायद्यात बसत नाही, आणि ऐकलेलं चारचौघांत सांगणं तर मुळीच बसत नाही. सगळं ग्रिम्सबी ऐकतं हा बचाव कुठलंही न्यायालय मानणार नाही.

दुसरं असं, की थॉर्लींशी मी बोललो आहे. 'मार्शलँड'च्या कप्तानाने रविवारी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, की इथे मासा नाही, मी दक्षिणेला निघालो. मधे वादळ आहे, म्हणून आवाज पोचत नाही. यात घाबरण्यासारखं काय आहे? त्या मोअरबाईंना माझ्यातर्फे धीर दे.

तिसरं, रेडिओ थॉर्लींनी दिला, पाटीवर त्यांचं नाव आहे. दिलेलं परत मागणं शोभत नाही हे मला मान्य आहे, पण शोभणं न शोभणं कायद्यात येत नाही. आणि ते माझे अशील आहेत. माझ्या कचेरीतलं एक अख्खं कपाट त्यांच्या कागदांनी भरलेलं आहे. त्यांच्याविरुद्ध बोलायला मला काहीतरी आधार तर हवा.

शिवाय मला खरंच सांग, सात म्हाताऱ्या बायका दिवसभर त्या रेडिओपुढे करतात तरी काय? मिसेस थॉर्ली एकदा सकाळी न कळवता निवासात आल्या, तर सगळ्याजणी खोलीच्या मधोमध हात वर करून डोलत होत्या म्हणे. त्यांत तू होतीस का हे विचारायचा मला धीर होत नाही.

थंडीला जपून राहा. आजवर रागावत आलीस तशीच यापुढेही माया असू दे.

तुझा,
ॲम्ब्रोज


थॉर्ली निवास, ग्रिम्सबी
शुक्रवार, १२ फेब्रुवारी

चि. ॲम्ब्रोज यास अ. आ.

डोलत होत्या. मीही.

आता दिवसभर आम्ही काय करतो ते विचारलंच आहेस तर कालचा गुरुवार सांगते. तुला आधार हवा आहे. तो या पत्राच्या शेवटी मिळेल. मधलं गाळून तिकडे उडी मारू नकोस. परीक्षेत तू हेच करायचास.

आमच्याकडे रेडिओच्या बटणाची पाळी असते. जिची पाळी, तिचा कार्यक्रम. बाकीच्यांनी नाक मुरडायचं ते मनातल्या मनात. नियम माझा आहे, आणि मोडणारीला कोळशाची बादली आणावी लागते.

सकाळची प्रार्थना मिसेस पेलची. ती कट्टर चॅपेलवाली, त्यामुळे रेडिओपुढे उभी राहते आणि आम्हालाही उठवते. पाद्री भराभर उरकायला लागला की ती त्याला मोठ्याने विचारते, की बाबा, तुझी गाडी चुकते आहे का. त्यानंतर शाळांसाठी लावलेला कार्यक्रम लागतो. त्यात एक बाई गोड आवाजात सांगते, की मुलांनो, आता तुम्ही वाऱ्यातली झाडं व्हा. मिसेस थॉर्लींनी आम्हाला पाहिलं तेव्हा आम्ही झाडं होतो. संधिवाताला हा व्यायाम उत्तम आहे, खांदे उघडतात. हेप्झी क्लार्कची कंबर गेलेली आहे, म्हणून ती खुर्चीत बसूनच झाड होते. थर्झा तिला ओंडका म्हणते. हेप्झीचं म्हणणं, की मी ओक आहे, वारा आला तर त्याने हलावं.

काल थर्झा तिला काही म्हणाली नाही. ती झाडही झाली नाही. खिडकीशी बसून राहिली.

मग कारखान्यांतल्या कामगारांसाठीचं संगीत. त्या तालावर आमच्या सुया चालतात. काल वादकांना कसली घाई होती कोण जाणे, मिसेस पेलने मोज्याची टाच उलटीच विणून काढली. दुपारी कुठल्याशा कारखान्याच्या जेवणघरातून विनोदी नट आले. एरवी त्यांच्या तोंडचा विनोद थर्झा त्यांच्याआधी सांगून टाकते आणि वर म्हणते, की हा माझ्या लग्नातसुद्धा जुना होता. काल नटाने विनोद स्वतःच संपवला. खोलीत कुणी हसलं नाही.

त्यानंतर स्वयंपाक सांगणारी बाई आली. तिने कॉड माशाचा पदार्थ सांगितला, आणि म्हणाली, की माशाला माशाचा वास येऊ नये म्हणून तो आधी दुधात भिजवा. ग्रिम्सबीत हे ऐकवायचं म्हणजे पाहा. हेप्झी म्हणाली, की हिला माशाचा वास नको असेल तर हिने मेंढी खावी. मिसेस पेल म्हणाली, मेंढी मिळते कुठे, मटणाच्या रेशनची कूपनं काय हिच्या घरी छापतात? एवढ्यावर मात्र थर्झाला हसू आलं. बरं वाटलं.

दुपारी बायकांच्या कार्यक्रमात एका डॉक्टरीणबाईने उतारवयातल्या शरीराबद्दल स्पष्ट भाषेत सांगितलं. मिसेस पेल लाजून बाहेर गेली आणि दार उघडं ठेवून दाराआड उभी राहिली. त्याआधी लहान मुलांची गोष्ट झाली. गोष्टीच्या वेळी आमच्याकडे विणकाम बंद असतं. का ते मला विचारू नकोस. सातजणींपैकी कुणीही ते ठरवलेलं नाही.

अंधार पडला, आणि जहाजांसाठीचं हवामान लागलं. तो गृहस्थ समुद्राच्या एकेका भागाचं नाव घेतो, जसं एखादा मास्तर हजेरी घेतो. नाव घेऊन वारा सांगतो आणि पुढे जातो. आमच्याकडे त्या वेळी घड्याळ जास्त मोठ्याने वाजतं. फेरो बेटांच्या पुढे उत्तरेकडून वादळ, हिमवर्षाव. बातम्या लागल्या. 'मार्शलँड'चं नाव नाही. लंडनला माहीत नाही, आणि थॉर्ली सांगणार नाहीत.

मग पाळी थर्झाची. तिने काटा कप्तानांच्या पट्ट्यावर नेला. खरखर, शिट्ट्या, मधेच एखादा आवाज. एक कप्तान दुसऱ्याला विचारत होता, की 'मार्शलँड' दिसलं का. दुसरा म्हणाला, नाही, दक्षिणेला गेला असेल, तसं म्हणत होता. यावर हेप्झी खुर्चीतून ओरडली, की तो मेला खोटारडा आहे.

आता नीट वाच. 'मार्शलँड'चा कप्तान सिडनी क्लार्क हा हेप्झीचा सख्खा पुतण्या, तिच्याच घरी वाढलेला. रविवारी तो बोलला तेव्हा तिने ऐकलं होतं. त्याने आधी हवामानाला शिव्या घातल्या आणि मग सांगितलं, की इथे काही नाही, मी दक्षिणेला चाललो. हेप्झी म्हणते, की लहानपणी हा जामची बरणी संपवायचा तेव्हाही आधी पावसाची तक्रार करायचा. आणि मासा सापडलेला कप्तान मासा सापडला असं हवेत कधी सांगत नाही हे इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. सांगितलं की दहा जहाजं तिथे गोळा होतात. या गावात खरं बोलणारा एकच कप्तान होऊन गेला, आणि त्याला शेवटी मटार विकावे लागले. म्हणजे सिडनीला उत्तरेला मासा सापडला, तो तिथेच राहिला, आणि त्याच रात्री उत्तरेकडून वादळ आलं. कंपनी त्याच्या थापेवर विसंबून दक्षिणेकडे डोळे लावून बसली आहे. उत्तरेला त्याला कुणी शोधतच नाही.

हे सांगायला मी आज सकाळी कंपनीत गेले होते. थॉर्ली भेटले नाहीत. कारकुनाने सांगितलं, की कंपनी कप्तानाच्या शब्दावर चालते, बायकांच्या नाही. उद्या मी एकटी जाणार नाही.

राहता राहिली तुझी पितळी पाटी. थॉर्लींनी दिलेला रेडिओ दोन वर्षांपूर्वी राजेसाहेबांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी धूर सोडून कायमचा गप्प झाला. मी मंडळाला पुन्हा पुन्हा कळवलं. उत्तर आलं नाही. शेवटी धक्क्यावरच्या दोघा बिनतारीवाल्यांनी आतलं सगळं उपसून काढलं आणि जहाजांच्या मोडीतून नवं बसवून दिलं. थर्झाने त्यांना गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे विणून दिले. तेव्हा दान कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस. पाटी मात्र आम्ही रोज पुसतो.

रात्रीची शेवटची पाळी माझी असते. सगळ्या कुरकुरतात, तरी माझी रेडिओवरची व्याख्यानं ऐकून घेतात. काल विषय ग्रीक नाटकांतल्या स्त्रियांचा होता, मी महिनाभर वाट पाहत होते. काटा मी हलवला नाही. होता तिथेच राहू दिला.

आधार मागत होतास. हा घे. लोभ वाढवायचा विचार तूर्त स्थगित आहे.

मिलिसेंट


थॉर्ली निवास
शनिवार, १३ फेब्रुवारी

ॲम्ब्रोज साहेबांना थर्झा मोअरचा नमस्कार.

तुमच्या बहिणीने मला लिहू नकोस म्हणून सांगितलं, म्हणून लिहिते. धीर धरा असा तुमचा निरोप पोचला. धीर आहे माझ्याकडे, दोन वेळा वापरलाय. तिसऱ्यांदा मला तो नको, मला पोरगा हवाय.

आज आम्ही कंपनीत जाऊन बसलो. रेडिओपाशी दोघी ठेवल्या, बाकीच्या रविवारच्या टोप्या घालून निघालो. हेप्झीला चालवत नाही, तर तिला माशाच्या हातगाडीवर घातली, खाली मेणकापड अंथरून. ती म्हणे, हॅडक मासासुद्धा इतक्या हिसक्यांनी नेत नाहीत. कारकून म्हणाला, साहेब कामात आहेत. तुमची बहीण म्हणाली, आम्हीही आहोत, आमचा आजचा सगळा कार्यक्रम तुमच्यापायी बुडतोय, तर तो आम्ही इथेच करतो.

आणि केला की हो! मिसेस पेलने उभं राहून प्रार्थना म्हटली, अख्खी, एक ओळ गाळली नाही. कारकुनालाही उठवलं. मग आम्ही झाडं झालो. मग हेप्झीने कॉड दुधात भिजवून दाखवायचा विचार सांगितला, तर दारात जमलेले कोळी खो खो हसायला लागले. तोवर धक्क्यावरची निम्मी माणसं जिन्यात होती. मग मी हवामान सांगितलं. एकेक नाव घेतलं समुद्राचं, त्या गृहस्थासारखं, हळूहळू. तेव्हा मात्र सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या.

मग बातम्या. त्या तुमच्या बहिणीने दिल्या, असा आवाज काढून, की मला वाटलं लंडनहूनच बोलतेय. 'मार्शलँड'चा रविवारपासून पत्ता नाही. कप्तान उत्तरेला आहे असं त्याची चुलती सांगते. कंपनीने उत्तरेला कुणालाही विचारलेलं नाही. बातम्या संपल्या.

तेवढ्यात थॉर्ली साहेब बाहेर आले, बीटरूटसारखे लाल. म्हणाले, पोलिसांना बोलावतो. मिसेस पेल म्हणाली, बोलवा, पण आता मुलांची गोष्ट आहे, ती संपेपर्यंत त्यांना जिन्यात थांबू दे. साहेब म्हणाले, बायकांच्या बडबडीसाठी मी जहाजांना मासेमारी सोडायला लावणार नाही. आणि आइसलँडवाल्यांच्या गस्ती जहाजाकडे तर तोंडच वेंगाडणार नाही. त्यांचा मासा आपल्या धक्क्यावर उतरू द्यायचा नाही म्हणून साहेबांनी भर सभेत शपथ घेतलीय ना.

तुम्ही त्यांचे वकील. तुमच्यापुढे ते दार लावणार नाहीत. त्यांना एवढंच विचारा, रविवारनंतर 'मार्शलँड'ला ऐकलं कुणी?

तुमची बहीण कडक आहे हो. पण परवा तिने तिचं ते ग्रीक सोडलं माझ्यासाठी. मला त्यातलं कधी काही कळलं नाही, तरी ते बंद होतं तर चुकल्यासारखं वाटलं.

चुकीचं काही लिहिलं असेल तर घ्या गोड मानून. साखर नाहीतरी सुटलीच आहे म्हणे तुमची.

थर्झा मोअर


लिंकन
सोमवार, १५ फेब्रुवारी

ती. मिलीस शि. सा. न. वि. वि.

मोअरबाईंचं पत्र माझ्या हाती काल पडलं. रविवारी टपाल येत नाही. ते गाडीच्या गार्डने आणून दिलं, आणि त्याने ते वाटेत वाचलेलं होतं, कारण पाकीट देताना तो म्हणाला, की साहेब, तुम्ही गेलंच पाहिजे. मी दुपारच्या गाडीने ग्रिम्सबीला आलो. तुला भेटलो नाही. तुझ्यासमोर यायच्या आधी काहीतरी हातात असावं असं वाटलं.

थॉर्लींच्या घरी चहा चालला होता. मी तो एकच प्रश्न विचारला. त्यांनी माझ्यापुढे टोस्टची बशी सरकवली. मी पुन्हा विचारला. मिसेस थॉर्ली म्हणाल्या, ऑगस्टस, ते काहीतरी विचारताहेत. तेव्हा ते म्हणाले, कुणी नाही. मग मी सांगितलं, की उद्या चौकशी झाली तर शनिवारी सगळ्या धक्क्याच्या साक्षीने त्यांना उत्तरेचं नाव सांगितलेलं होतं, हे मला शपथेवर कबूल करावं लागेल. त्यांनी बशी मागे घेतली. मग तारा लिहायला बसले. त्यांच्या दोन जहाजांना जाळी ओढून उत्तरेला जायला सांगितलं आहे. आइसलँडच्या गस्ती जहाजालाही तार गेली. ती मी लिहिली, कारण त्यांच्या हातून 'कृपया' हा शब्द उतरेना.

आज सकाळी त्यांचा माणूस येऊन कागद घेऊन गेला. कपाट रिकामं झालं आहे. पत्नी तिथे मुरंबे ठेवायचं म्हणते.

रेडिओचा हुकूम मात्र कायम आहे. मी माझी सही मागे घेतली, पण बाकीचे विश्वस्त अध्यक्षांच्या मागे आहेत. गुरुवारी त्यांचे व्यवस्थापक स्नेल येतील. त्यांना अडवू नकोस, मिली. मागताहेत ते कायद्याने त्यांचं आहे. थॉर्लींनी जे दिलं ते, सगळंच्या सगळं, परत कर. न दिलेलं परत मागायचा हक्क कुणालाच नाही. त्या धूर सोडणाऱ्या यंत्राचं काय केलंत ते तू लिहिलं नाहीस. टाकलं नसेल अशी आशा करतो. तू काही टाकत नाहीस.

'मार्शलँड'चं काही कळलं तर लगेच कळव. लोभ वाढवच असा आग्रह नाही. होता तेवढा शिल्लक असला तरी चालेल.

ॲम्ब्रोज


थॉर्ली निवास, ग्रिम्सबी
शुक्रवार, १९ फेब्रुवारी

चि. ॲम्ब्रोज यास अ. आ.

तार केली होती, पण तारेत सगळं मावत नाही.

मंगळवारी संध्याकाळी हवामान संपलं, थर्झाने काटा पट्ट्यावर नेला. बराच वेळ नुसती खरखर होती. मग एक अनोळखी आवाज इंग्रजीत बोलला, एकेक शब्द दगडासारखा ठेवत: आइसलँडचं गस्ती जहाज, 'मार्शलँड'ला दोराने ओढून आणत आहे. बर्फाच्या भाराने त्यांची डोलकाठी रेडिओच्या तारेसकट मोडून पडली होती, म्हणून त्यांचा आवाज बंद. आठवडाभर माणसं कुऱ्हाडींनी बर्फ फोडत होती, म्हणून जहाज उलटलं नाही. सापडलं ते उत्तरेला, जिथे हेप्झी म्हणाली होती तिथे.

त्यानंतर त्याच गस्ती जहाजावरून सिडनी क्लार्क स्वतः बोलला. आवाज फाटलेला होता. त्याने पहिल्या दमात हवामानाला शिव्या घातल्या, त्यामुळे पुढचं काही खरं मानायला हेप्झी तयार होईना. त्याने सांगितलं, की सगळे जिवंत आहेत. अर्नी मोअरच्या डाव्या हाताची बोटं थंडीने काळी पडली आहेत, डॉक्टर वाचवतील तेवढी वाचवतील.

आम्ही सगळ्या थर्झाकडे पाहत होतो. ती म्हणाली, की बोटं कसली, त्याला काय विणायला बसायचंय. मग तिने रेडिओवर तळहात ठेवला, गुरावर ठेवावा तसा, आणि मला सांगितलं, की बाई, आता बंद करा, बिचारा तापलाय. मी बंद केला. दुसऱ्या दिवशी तिने निवासातला एकूण एक पडदा धुवायला काढला. बुधवारी पडदे कुणी धूत नाही, पण तिला कोण अडवणार? सगळं अंगण पांढरं झालं.

गावात आता कंपनी सांगते, की थॉर्ली साहेबांच्या दूरदृष्टीने जहाज वाचलं. सांगू दे. धक्क्यावरची माणसं त्यांना हवामान विचारतात म्हणे.

काल स्नेल आले, सोबत गाडी आणि हुकूम. मी त्यांना अडवलं नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं होतं. त्यातला शेवटचा परिच्छेद चांगला आहे; शाळेत असं लिहिलं असतंस तर पट्टी वाचली असती. जुनं यंत्र कोळशाच्या खोलीत होतं. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी ते दोघे बिनतारीवाले येऊन आपण बसवलेलं यंत्र पेटीतून काढून देऊन गेले, आणि या वेळी मोजे नकोत म्हणाले.

आता रेडिओ नुसता सांगाड्यावर, हेप्झीच्या तोंड धुवायच्या टेबलावर उभा आहे. दिवे उघडेच पेटतात. आवाज पूर्वीपेक्षा मोकळा येतो. मिसेस पेलला मात्र त्याचं असं उघडं बसणं पटत नाही. ती त्याच्यासाठी झालरीचं झबलं विणते आहे. जहाजांचा पट्टा जागच्या जागी आहे आणि रोज संध्याकाळी लागतो. हे तुला कायद्याचा माणूस म्हणून कळवते. मंडळाला हवं तर त्यांनी पोलीस आणावेत. त्यांच्यासाठी सात खुर्च्या मांडून ठेवीन, पण मग साऱ्या ग्रिम्सबीसाठी मांडाव्या लागतील.

अर्नी उतरेल त्या दिवशी ये. थर्झाला तुझा चेहरा पाहायचा आहे. तिला शंका आहे, की तो माझ्यासारखा असेल. सोबत मंडळासाठी पावतीची नक्कल जोडली आहे. मूळ प्रत माझ्याकडे राहील. काल रात्री माझी पाळी होती. थर्झाने स्वतः काटा व्याख्यानावर नेऊन दिला, आणि पहिल्या दहा मिनिटांत झोपली.

लोभ वाढवला आहे. त्याची नोंद घ्यावी.

तुझी मोठी बहीण,
मिलिसेंट

सोबत:

सुपूर्द केल्याची पावती
थॉर्ली निवास, गुरुवार, १८ फेब्रुवारी १९५४

अध्यक्षांनी निवासाला दिलेली भेट, हुकुमाप्रमाणे संपूर्ण परत केली, ती अशी: अक्रोडाच्या लाकडाची रेडिओची पेटी, रिकामी, आतून बाहेरून पुसलेली. तिच्यावरची पितळी पाटी, चकाकवलेली. मूळ यंत्र, जळलेले, बिस्किटांच्या डब्यात; डबा निवासाचा असून परत पाठवावा.

देणार: मिलिसेंट गारफर्थ, व्यवस्थापिका.
घेणार: एच. स्नेल.
साक्षीदार: थर्झा मोअर, हेप्झिबा क्लार्क.

शेरा: उचलताना पेटी फारच हलकी लागते अशी श्री. स्नेल यांनी तोंडी तक्रार केली. तक्रार नोंदवून घेतली आहे. त्यांना चहा दिला.